दाजींसाठी गळाची काठी

५ फेब्रुवारी

प्रिय दादा,

पत्र पाहून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू आपल्या मनाचं ऐकतोस, म्हणून लिहायला बसले.

एक काम आहे. ह्यांच्यासाठी मासे धरायची काठी हवी आहे. सोबत ते रीळ, दोरा, जे काय लागतं ते सगळं. तुझा जन्म त्या सामानाच्या दुकानात गेला, तुला वेगळं सांगायला नको. आमच्या घरामागे जुन्या वीटभट्टीच्या खड्ड्याचं तळं झालंय, ते तू पाहिलं आहेस. मध्यंतरी त्यातला गाळ काढला, मासे सोडले, आणि आता काठावर बसून कोणीही गळ टाकू शकतं. आमच्या खिडकीतून सगळं दिसतं.

ह्यांनी दुकान बंद केल्याचं तुला कळवलं होतं. पाट्या आता मशीनवर छापून येतात, ब्रश कोणाला हवाय. तेव्हापासून हे घरात आहेत. घरात म्हणजे घरातच. खिडकीशी खुर्ची आणि खुर्चीत हे. कोपऱ्यावरून पाव घेऊन या म्हटलं तरी "तूच जा". ज्या माणसाने उभा जन्म शिडीवर काढला तो असा हातपाय गाळून बसलेला मला बघवत नाही. परवा मात्र तळ्याकडे बघत आपणहून म्हणाले, "तो पलीकडचा चुकीच्या जागी बसलाय. या उन्हात मासा सावलीला असणार." कित्येक दिवसांत ह्यांच्या तोंडून निघालेलं हे सर्वात लांब वाक्य. मी ते पदरात बांधून ठेवलंय.

ह्यांना दाराबाहेर काढायचं आहे, दादा. मला एकटीला ते जमत नाहीये. चांगलीशी काठी पाठव. वहिनीला नमस्कार.

तुझी
बया

*

१२ फेब्रुवारी

बये,

आशीर्वाद. "चांगलीशी काठी पाठव" म्हणे! चपलांच्या दुकानात जाऊन "चांगलीशी चप्पल द्या" असं सांगून घरी बसतेस का? तिथे आधी पाय बघतात. इथेही तसंच असतं. आमच्याकडे रोज कोणीतरी येतं आणि भिंतीवरची सर्वात लांब, सर्वात महाग काठी मागतं. ती समुद्राची असते. तळ्यावर नेली की पठ्ठ्या पहिल्याच फेकीला समोरच्या काठावरचं झाड धरतो.

तेव्हा मी विचारतो ते बघून ये आणि नीट लिही. गाळ काढल्यावर तळं केवढं झालंय? काठ उंच आहे की पाण्याला लागून? मागे झाडं आहेत का? कारण काठी मागे नेल्याशिवाय पुढे फेकता येत नाही. पाण्यात गवत किती? गवत असेल तर दोरा जाड लागतो, नाहीतर मासा गवतात शिरतो आणि दोरा तुटतो. मासे कुठले, केवढे? आणि काठी, रीळ, दोरा तिघांचं एकमेकांशी जमावं लागतं. हलक्या काठीला जड रीळ लावलं की मनगट दुखतं, आणि लहान रिळावर जाड दोरा भरला की तो स्प्रिंगसारखा उसळून बाहेर येतो. लग्नासारखंच आहे, एकेकटे सगळे चांगले असतात.

शेवटचं, दाजी फेकणार कुठल्या हाताने आणि उभं राहून की बसून, तेही कळव.

दाजींना म्हणावं, दुकान बंद केलं तर केलं. इतकी वर्षं दुसऱ्यांची नावं लिहिलीत, आता जरा मजा करा. वहिनी म्हणते पत्रात प्रश्नच फार झाले. तिला काय कळतंय.

दादा

*

२० फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझ्या पत्रापायी मी दोन सकाळी तळ्यावर काढल्या. लोक मला बघायला लागले. बाई आहे, हातात गळ नाही, नुसती पाण्यात डोकावतेय, म्हणजे जीवबीव द्यायला आली की काय! शेवटी एकाने येऊन विचारलंच. तो आमचा बेकरीवाला निघाला. भट्टीचं काम पहाटेच उरकतं, मग दुपारपर्यंत तो तिथेच असतो. त्याने सगळं सांगितलं, आणि न विचारलेलंही बरंच सांगितलं.

तर लिहून घे. तळं लांबट आहे. मोठ्याने हाक मारली तर पलीकडे ऐकू जाते. आपल्या बाजूचा काठ उतरता, पाण्याला लागून, पण चिकणमातीचा, निसरडा. मागे झाडं नाहीत, विटांची पडकी भिंत आहे, ती बरीच लांब. पाण्यात डाव्या कोपऱ्यात लव्हाळं आणि खाली गवत भरपूर. मासे दोन तऱ्हेचे. वर तळहाताएवढे चंदेरी, आणि तळाशी मिशांवाले, ते चांगले मोठे होतात. बेकरीवाल्याने हात पसरून दाखवले, पण त्याच्या हातावर मी फारसा विश्वास ठेवला नाही.

ह्यांना सहज म्हणून विचारलं, समजा गळ टाकायचा तर कुठल्या हाताने टाकाल? खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "लिही त्याला, उजव्या." म्हणजे तुझं पत्र ह्यांनी वाचलं होतं तर. उभं राहूनच टाकतील. शिडीवर दिवस दिवस उभे राहायचे, तुला माहीतच आहे.

लवकर पाठव.

बया

*

३ मार्च

बये,

शाबास. तू माझ्या दुकानात असतीस तर मी एव्हाना श्रीमंत झालो असतो.

सामान आजच पाठवलं. मागे मोकळी जागा आहे आणि उभं राहून फेकणार, म्हणून काठी जरा लांब दिली आहे, दाजींच्या डोक्यावरून हातभर वर जाईल. शेंड्याला मऊ, बुंध्याला ताठ. चंदेरी मासा चाटून गेला तरी शेंडा सांगेल आणि मिशीवाला लागला तर बुंधा वाकणार नाही. रीळ उघडं आहे. त्यावरची तारेची कडी डाव्या हाताने उघडायची, दोरा उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर पेलायचा, आणि काठी पुढे येताना नेमक्या क्षणी बोट सोडायचं. मग डाव्या हाताने गुंडाळत बसायचं. ब्रश धरणाऱ्या बोटाला हे शिकवावं लागत नाही. सरळ रेघ मारताना श्वास रोखणारा माणूस आहे तो, त्याला तो क्षण बरोबर कळेल.

तुमचं गवत बघून दोरा एक नंबर जाड दिला आहे, आपला साधा नायलॉनचा तंगूसच. विणलेले दोरे येतात हल्ली, पण नवख्याच्या हाती गुंता झाला की ते सुटत नाहीत. रिळावर काठोकाठ भरलेला नाही, काडीच्या जाडीएवढी कड मुद्दाम सोडली आहे, म्हणून "दादाने दोरा कमी दिला" असं म्हणू नये.

पहिला मासा लागला की कळवा. त्याचं माप मी निम्मं करून ऐकेन.

दादा

*

२१ मार्च

प्रिय दादा,

काठी छान आहे. फक्त रिळाचा जरा गुंता झालाय आणि ती तार वाकली आहे. नुसतं रीळ परत पाठवतेय, दुरुस्त करून दे. घाई नाही.

तळ्यावर अजून जाणं झालं नाही. ऊन फार आहे.

बया

*

२८ मार्च

बये,

तुझं पार्सल काल आलं आणि काल रात्रीपासून मला झोप नाही.

आजवर तुझ्या घरून या दुकानात जेवढी पार्सलं आली त्या सगळ्यांवर पत्ता दाजींच्या अक्षरात असायचा. पोस्टमन सुद्धा दोन मिनिटं बघत उभा राहायचा. या वेळी पत्ता तुझ्या हातचा आहे, कोंबडीचे पाय. ठीक आहे म्हटलं, दाजी झोपले असतील. मग रीळ उघडलं.

मी हे काम आयुष्यभर करतोय. गुंते रोज येतात. नवखा माणूस कुठे चुकला ते गुंता बघून सांगता येतं. हा गुंता फेकताना झालेलाच नाही. दोरा रिळावरच सैल पडून अडकला आहे, कारण तो बोटावर कोणी पेललाच नाही. दोऱ्यावर जागोजागी दातांच्या खुणा आहेत. तार आतल्या बाजूला वाकली आहे, म्हणजे ती हाताने उघडलेली नाही, टेबलाच्या कडेवर नाहीतर गुडघ्यावर दाबून उघडली आहे. ज्याला दोन हात आहेत तो माणूस दोरा दातांत धरत नाही, बये.

दाजींच्या उजव्या हाताला काय झालंय?

इतके महिने मला ताकास तूर लागू दिली नाहीस. ऊन फार आहे म्हणे! आता खरं काय ते लिही, नाहीतर मी पुढच्या गाडीने येऊन दारात उभा राहतो.

दादा

*

२ एप्रिल

प्रिय दादा,

येऊ नकोस. लिहिते.

ऑक्टोबरात, कापडवाल्याची पाटी रंगवताना. शिडीवरून हळूच उतरले आणि म्हणाले, ब्रश हातातून निसटतोय. दवाखान्यात पोचेपर्यंत उजवी बाजू गेली होती. वाचा गेली नाही. पाय बराच परत आला. घरात भिंत न धरता चालतात, जरा ओढत. हात खांद्यातून उचलतो, कोपरात वाकतो, पण बोटं मिटत नाहीत. चमचा धरता येत नाही. चहा गार झाल्यावर पितात, डाव्या हाताने, आणि मी समोर असले तर पीतच नाहीत.

मला शपथ घातली होती, कोणाला सांगायचं नाही, तुला तर नाहीच. "तुझ्या दादाला कळलं की त्याच्या गिऱ्हाइकांना कळलं." मशीनच्या पाट्यांचं कारण ह्यांनीच शोधून दिलं. खोटं नव्हतं ते अगदी, म्हणून माझ्याने लिहवलं. उजव्या हाताचंही मी ह्यांच्या तोंडचंच लिहिलं. काय करणार होते? त्यांनी "उजव्या" म्हटलं तेव्हा मला वेडीला वाटलं, कदाचित जमेल.

काठी आली त्या दिवशी मी बाजारात होते. परत आले तर हे खाली जमिनीवर बसलेले, सगळीकडे दोरा, ओठाला रक्त. मी जवळ गेले तर म्हणाले, "गुंडाळून ठेव. पुन्हा घरात असलं काही आणू नकोस."

तुला वाटत असेल, हातासाठी बाहेर जात नाहीत. हात आहेच, पण खरी भीती पडण्याची आहे. पाय मधूनच दगा देतो. बाजारातल्या निम्म्या पाट्या ह्यांच्या हातच्या, सगळे ओळखतात. एकदा मला म्हणाले, "भर रस्त्यात एकदा पडलो की मी पेंटर राहणार नाही. पडलेला माणूस होईन. मग जन्मभर लोक मला धरायला धावतील." दादा, मी हा माणूस असा खिडकीत संपताना बघतेय. त्यांनी पुन्हा बाहेर पडावं एवढंच मला हवंय, मासा मिळो न मिळो.

बया

*

२४ एप्रिल

बये,

उत्तराला उशीर झाला, कारण मी अपंग होतो.

झालं असं. तुझं पत्र वाचलं आणि स्वतःवर चिडलो. मी पाणी विचारलं, गवत विचारलं, झाडं विचारली, आणि माणसाचं विचारलं ते शेवटी, एका ओळीत. मग तुझ्या वहिनीला सांगून उजवा हात कमरेच्या पट्ट्याला बांधून घेतला आणि त्याच अवस्थेत रोज संध्याकाळी इथल्या तलावावर गेलो. वहिनी आधी हसली. मग डाव्या हाताने जेवताना मी तिच्या साडीवर वरण उडवलं, तेव्हा हसायची थांबली. गिऱ्हाइकं विचारायची, काय झालं, तर मी म्हणायचो, हिने बांधून घातलंय. त्यावर सगळ्यांचा विश्वास बसला.

आता ऐक, काय काय कळलं ते. लांब काठी एका हाताला पेलत नाही, शेंडा खाली पडतो. उघडं रीळ तर बादच. झाकणाचं रीळ घेतलं. त्याला मागे एक बटण असतं. डाव्या हाताने काठी धरायची, अंगठ्याने बटण दाबून ठेवायचं, फेकताना सोडायचं. बस्स. जाणते लोक याला पोरांचं रीळ म्हणतात. म्हणू देत. पण गुंडाळायचं कसं? हात तर काठीला अडकलेला. पहिल्या दिवशी काठी काखेत धरली, ती निसटून पाण्यात गेली आणि मी तिच्यामागे. दुसऱ्या दिवशी चांभाराकडून कमरेच्या पट्ट्याला चामड्याची खोबण शिवून घेतली, काठीचा बुंधा त्यात रोवायचा. तरी मासा ओढायला लागला की काठी भोवऱ्यासारखी फिरते. मग उजव्या कोपराखाली एक रुंद पट्टा लावला, काठीला धरून. दाजींचा हात कोपरात वाकतो असं तू लिहिलंस म्हणून हे सुचलं. त्याला बोटांचं काही कामच नाही. नुसतं शरीराशी दाबून ठेवायचं. डावा हात मोकळा, गुंडाळायला. रिळाचा दांडा मी डाव्या बाजूला बसवून घेतला आहे.

या बेताने मी तीन मासे धरले. खरे तीन.

दोरा मागच्यापेक्षा जाड आहे. मासा सुटला तर चालेल असं तुला वाटतं, पण पहिलाच मासा सुटला तर दाजी पुन्हा जाणार नाहीत. गळ दातांनी बांधावे लागू नयेत म्हणून बरेच बांधूनच दिले आहेत, टोकाला फास आहे, नुसता आकड्यात अडकवायचा.

दाजींना माझ्याकडून काही सांगू नकोस. सहानुभूतीचं पत्र मला लिहिता येत नाही आणि त्यांना वाचता येणार नाही. खोकं ठेव आणि गप्प बस. हे दुसरं तुला जमेल का, ही मला खरी काळजी आहे.

दादा

*

९ मे

प्रिय दादा,

खोकं आलं. ह्यांनी पत्त्यावरचं तुझं अक्षर पाहिलं आणि विचारलं, "त्याला सांगितलंस?" मी म्हटलं, हो. त्यानंतर ह्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली आहे. जेवण आत नेऊन खातात. खोकं दारामागे तसंच बांधलेलं आहे.

मी गप्प आहे. तू सांगितलंस म्हणून नाही, माझ्याशी बोलायलाच कोणी नाही म्हणून. कधी वाटतं, शपथ मोडली नसती तर निदान ते "चहा ठेव" तरी म्हणाले असते.

काही सुचत असेल तर लिही. मला काही सुचत नाही.

बया

*

३० मे

मेव्हणेबुवांस,

अक्षराला हसू नका. डाव्या हाताचं आहे आणि हे पान लिहायला दोन दिवस लागले आहेत. बायको माहेरच्या माणसाला काय लिहिते ते मी विचारत नाही, तुम्हीही मी काय लिहितो ते तिला सांगू नका.

खोकं मी ती बाजारात गेली की उघडायचो आणि ती यायच्या आत बांधून ठेवायचो. एका हाताने गाठ मारायला शिकलो ते त्यामुळे. पट्टा, खोबण, सगळं लावून बघितलं. खिडकीत उभं राहून अंगणात फेकलं. गळाऐवजी खोडरबर बांधलं होतं. शेजारच्यांच्या दोरीवरचा टॉवेल लागला, तो त्यांना अजून सापडलेला नाही.

परवा ती वहिनींच्या मावसबहिणीकडे गेली होती, संध्याकाळीच येणार होती. मी भर दुपारी निघालो, कारण दुपारी बाजारातली दुकानं बंद असतात आणि तळ्यावरही कोणी नसणार असा हिशेब. हिशेब चुकला. मी पोचेपर्यंत बेकरीवाला आला होता, आणखी दोघेतिघे होते, सगळे आपापल्या गळाच्या तरंगत्या बुचाकडे बघत बसलेले. परत फिरावंसं वाटलं. पण परत फिरायचं म्हणजे तोच उतार आता चढायचा. म्हणून थांबलो.

लव्हाळ्याच्या सावलीत टाकला. अंगठा नीट सुटला. बूच पाण्यावर उभं राहिलं आणि मी जरा पुढे सरलो, तेवढ्यात चिकणमातीवर पाय गेला. पडलो. सावकाश नाही, धप्पकन, आडवा, अर्धा पाण्यात. मी डोळे मिटून घेतले. इतके महिने ज्याची वाट बघत होतो ते आलं होतं. आता सगळे धावतील, काखेत हात घालून उचलतील, कोणीतरी टोपी झटकून देईल, आणि मग घरापर्यंत पोचवायला येतील. मी ते सगळं भोगायला तयार होऊन पडून राहिलो.

बेकरीवाला जागचा हललाही नाही. तिथूनच ओरडला, "अहो पेंटर, बूच गेलं! गुंडाळा, गुंडाळा!"

डोळे उघडले. बूच खरंच नव्हतं. तुमचा पट्टा जागच्या जागी होता. मी चिखलात कुशीवर पडलेला, आणि पडल्या पडल्या डाव्या हाताने गुंडाळायला लागलो. काठी अशी वाकली म्हणून सांगू! बाकीचे उठून आले, पण माझ्याकडे नाही, पाण्याशी. "गवतात जाऊ देऊ नका," "ढील द्या," "नको, ओढा," सगळे एकदम बोलत होते आणि मी सगळ्यांना ओरडून गप्प करत होतो. एकदा मासा वर आला. मिशीवाला. माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत, आणि हे माप निम्मं करून ऐकायचं नाही.

काठाशी आल्यावर सुटला. गळासकट. तुमची ती खोक्यातली बांधून दिलेली गाठ निसटली. बेकरीवाल्याने टोक हातात घेऊन बघितलं आणि विचारलं, ही कोणी बांधली होती? मी तुमचं नाव सांगितलं, गळाच्या दुकानासकट. त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. मग त्याने मला उठायला हात दिला, जसा कोणीही कोणाला देतो, आणि लगेच आपल्या बुचाकडे परत गेला. मी इतका चिडलो होतो की पाय ओढतोय हे बराच वेळ माझ्या ध्यानातच आलं नाही.

तळं घरामागे असलं तरी वाट वळशाची आहे, घरी येताना बाजारातूनच यावं लागतं. डोक्यापासून पायापर्यंत चिखल, खांद्यावर काठी. कापडवाला बाहेर आला, औषधवाला बाहेर आला, सलूनमधला अर्धी दाढी झालेला माणूसही बाहेर आला. सगळ्यांनी एकच विचारलं, मिळाला का?

सुटला, म्हणालो. दर दुकानापाशी थांबून सांगितलं, कसा सुटला ते. घरी पोचायला संध्याकाळ झाली. बायको माझ्या आधी येऊन दारात उभी होती.

आपला
पेंटर